बसस्टँडजवळचा रिकामा मजला: तेरा नगरपालिकांना खुले पत्र

प्रति,
नगराध्यक्ष व सर्व नगरसेवक,
गोव्यातील तेरा नगरपालिका.

विषय: बाजार संकुलातला रिकामा वरचा मजला कोवर्किंगला, म्हणजे भाड्याच्या खुर्चीवर बसून काम करायच्या सामायिक जागेला, देण्याबाबत.

सादर नमस्कार.

हे पत्र खरे तर एकाच नगरपालिकेला लिहायचे होते, माझ्या गावच्या. पण गावाचे नाव घातले तर बाकीच्या बारा जणांना वाटेल की आपण सुटलो, आणि ज्यांचे घातले त्यांना वाटेल की हिला निवडणुकीला उभे राहायचे आहे. म्हणून पत्ता तेराही जणांचा, पेडण्यापासून काणकोणपर्यंत. पणजी महानगरपालिकेला मुद्दाम वगळले आहे. तिच्याकडे जे आहे ते आपल्याकडे का नाही, हाच पत्राचा विषय आहे.

मी हिशेबाची कामे करते. वडील खाणीवर वजनकाट्याचे कारकून होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग अडखळत थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. आमच्या भागात 'कामाला जातो' म्हटले की त्याचे तीनच अर्थ होत: खाणीवर, सरकारी खात्यात किंवा पणजीला. पहिला अर्थ संपला. दुसऱ्याबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. मी तिसरा धरला. २०२० च्या टाळेबंदीत ते काम घरी आले आणि पुन्हा पूर्ण असे परत गेलेच नाही. आज पुण्याच्या एका कंपनीची खाती आणि गोव्यातल्या दोघा व्यावसायिकांची जीएसटीची विवरणे मी शिवणयंत्राच्या टेबलावर बसून भरते.

शिवणयंत्राच्या टेबलाची तक्रार नाही, टेबल मजबूत आहे. पण महिन्याच्या वीस तारखेला, विवरणाची मुदत अंगावर आलेली असताना, बाहेरून हाक येते, 'तू घरीच असतेस ना, जरा सिलिंडर घेऊन ठेव.' शेजारच्या तिघांचे सिलिंडर मी घेऊन ठेवते. माझी कमाई शेजाऱ्यांना ठाऊक आहे, तरीही दिवसा घरात दिसणारी बाई ही रिकामीच, हा हिशेब बदलत नाही. दार उघडून चपला घालून बाहेर पडल्याशिवाय आपल्याकडे काम सुरू होत नाही.

म्हणून मागच्या वर्षी मी पणजीला, पाटोवर, कोवर्किंगमध्ये एक खुर्ची भाड्याने घेतली. तुमच्यापैकी कोणी आत गेले नसेल तर सांगते. मोठे दालन, ओळीने टेबले, वीज, इंटरनेट, चहाचे यंत्र, एक-दोन काचेच्या खोल्या आणि फोनवर बोलायला दोन कपाटाएवढ्या पेट्या. हे सगळे दिवसाने, महिन्याने किंवा वर्षाने भाड्याला मिळते. माझ्या डावीकडे एक मुलगी अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांना कोड लावायची, उजवीकडे एकजण बांधकामांचे आराखडे काढायचा. तिघांचे मालक वेगळे, पंखा एक. आठ महिने मी तिथे काढले आणि माझे काम घरच्यापेक्षा दीडपट वेगाने झाले. सोडले ते प्रवासामुळे. सकाळी माशेल, बाणस्तारी, जुने गोवे करत पणजी आणि संध्याकाळी तेच उलटे. परतीच्या बसला उभे राहायला जागा मिळाली की तो दिवस चांगला म्हणायचा. शेवटी मी कागदावर मांडले: खुर्चीचे भाडे एवढे, बसचे एवढे, आणि गेलेले तास माझ्या तासाच्या दराने गुणले तर एवढे. तिसरा आकडा पहिल्या दोहोंच्या बेरजेपेक्षा मोठा निघाला. हिशेबनीस असल्याचा हा तोटा, स्वतःला फसवता येत नाही.

पण त्या आठ महिन्यांत एक प्रश्न मागे लागला. या जागा पाटोवरच का? तिथला मॅनेजर सावर्ड्याचा मुलगा, त्याच्याशी चहाच्या यंत्रापाशी बोलणे व्हायचे. त्याने सांगितले, "मॅडम, निम्मे लोक खुर्चीसाठी येतात, निम्मे पत्त्यासाठी."

हे वाक्य मला लगेच कळले, कारण पत्त्यांचा तो धंदा माझ्याच टेबलावरून जातो. कंपनी नोंदवायची किंवा जीएसटी क्रमांक घ्यायचा तर व्यवसायाचे ठिकाण दाखवावे लागते, त्यासाठी भाडेकरार, वीजबिल, मालकाची संमती असे कागद लागतात. घर भाड्याचे असेल तर घरमालक संमती देत नाही. मग माणूस कोवर्किंगवाल्याकडून नुसता पत्ता घेतो. टपाल तिथे येते, पाटी तिथे लागते, माणूस मात्र आपल्या गावी. गिऱ्हाइकाला 'पाटो, पणजी' वाचून जे समाधान मिळते ते आमच्या वाड्याचे नाव वाचून मिळत नाही. हे बरोबर आहे असे नाही, पण बाजार असाच चालतो. मोठ्या शहरात अशी दालने मध्यवस्तीत का दाटतात याचे निम्मे उत्तर या पाटीत आहे.

उरलेले निम्मे पायांत आहे. पाटो ही आर्थिक विकास महामंडळाने आखलेली व्यापारी वसाहत. कदंबचे बसस्थानक चालत जाण्याच्या अंतरावर. आयकर खाते तिथेच, बँका तिथेच. खाडी ओलांडली की मळा आणि फोन्तेन्यास या जुन्या वस्त्या, म्हणजे दुपारच्या जेवणाची चिंता मिटली. काणकोणहून आलेला, पेडण्याहून आलेला आणि वाळपईहून आलेला, तिघेही बसमधून उतरून दुसरे वाहन न धरता पोचतात. राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालयही तिथेच आहे. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था २०१२ मध्ये पाटोवरच्या नव्या इमारतीत आली. सीएच्या परीक्षेची दोन वर्षे मी तिथल्या टेबलांवर काढली आहेत. माझे पहिले कोवर्किंग तेच, फुकटातले. फरक एवढाच की ग्रंथालयात बोलायचे नसते, आणि आजचे निम्मे काम बोलण्याचे आहे. तालुक्याच्या वाचनालयात कॉल घ्या म्हणून जे सुचवतात त्यांनी एकदा ते करून पाहावे.

पर्वरीचे कारण वेगळे. तिथे सचिवालय आहे, विधानसभा आहे, महामार्ग आहे आणि गेल्या वीसेक वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींत राहणारी नोकरदार कुटुंबे आहेत. बार्देशातल्या माणसाचा मांडवीवरचा पूल वाचतो. त्याच्याकडे गाडी असते, त्यामुळे तिथल्या जागेला बसपेक्षा पार्किंग महत्त्वाचे.

आणि मग किनारा. आसगाव, हणजूण, शिवोली, मोरजी. कोवर्किंग म्हटले की आज देशभर जे चित्र डोळ्यांसमोर येते ते इथले: जुने पोर्तुगीजकाळी घर, बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) लॅपटॉप, अंगणात माड. मी एक दिवस आसगावला जाऊन बसून आले. इंटरनेट माझ्या घरापेक्षा सरळ होते आणि खुर्ची तर फारच चांगली. पण दिवसभरात मला तिथे आसगावचा एकही माणूस भेटला नाही. वाढपी तरी इथला असेल म्हणून विचारले, तो मालवणचा निघाला. माझा त्या लोकांवर राग नाही. ते दिल्ली-बंगळूरहून येतात, पैसे देतात, काम करतात. पण तिथली खुर्ची ही मुक्कामाचा एक भाग आहे. तिचे गणित विमानावर चालते, हंगामावर चालते. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि ते गणित आणखी सोपे झाले. २०२२ साली सरकारनेही मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर बसून काम करता येईल अशा जागांची घोषणा केली होती. समुद्रकिनारी बसून विवरण भरायचे तर वाऱ्याने चलने उडतील ही माझी शंका राहू द्या. मुद्दा असा की सरकारच्या डोळ्यांसमोर तेव्हा येणारा माणूस होता. इथेच राहणारा आणि रोज बसने जाणारा माणूस त्या चित्रात नव्हता.

तर पाटोवर पत्ता आणि बस, पर्वरीला गाडी आणि सचिवालय, किनाऱ्यावर पाहुणा. मधला आणि पूर्वेचा सगळा गोवा, डिचोली, सत्तरी, फोंडा, धारबांदोडे, सांगे, केपे, हा या नकाशात जवळजवळ कोराच.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मागणीच नाही तर दुकान कोण काढणार? मला वाटते मागणी आहे, ती फक्त सकाळी साडेसातच्या बसमध्ये बसून निघून जाते. पणजीला जात असताना एका सोमवारी सहज म्हणून पाठीवरच्या लॅपटॉपच्या पिशव्या मोजायला लागले, तर माशेल यायच्या आत दोन्ही हातांची बोटे संपली. ही फक्त एका बसची गोष्ट. जे जातच नाहीत, घरी शिवणयंत्राच्या टेबलावर बसतात, ते कोणत्याच बसमध्ये मोजले जात नाहीत.

आणि ही कल्पना आपल्याला परकी आहे असेही समजू नका. तुमच्या गावात मामलेदार कचेरीसमोर जाऊन उभे राहा. एक गाळा असतो. त्यात एका टेबलावर वकील, दुसऱ्यावर नोटरी, कोपऱ्यात टायपिंग करणारी मुलगी, दाराशी झेरॉक्सचे यंत्र, आणि संध्याकाळी त्याच यंत्रापाशी उभा राहून बातमी पाठवणारा वार्ताहर. भाडे वाटून, वीजबिल वाटून, गिऱ्हाईकही वाटून. कोवर्किंग हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे. तो गाळा तिथे का आहे, हे कोणाला शिकवावे लागले नाही. कचेरी समोर आहे, बसस्टँड जवळ आहे, चहा हाकेच्या अंतरावर आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मातीची भांडी विकणाऱ्या बायका एकमेकींना लागून बसतात, हेही त्याच शहाणपणातले. शेजारीण गिऱ्हाईक पळवील ही भीती असतेच, पण भांडी हवी असलेला माणूस आधी त्या रांगेकडे येतो, हा फायदा त्याहून मोठा.

मग खाजगी माणूस आपल्या गावात अशी जागा का काढत नाही? इथे मला थोडे आकडे मांडू द्या, हा माझा प्रांत आहे. एका खुर्चीमागे येण्याजाण्याची वाट, बैठकीची खोली, स्वच्छतागृह धरून साधारण ५० ते ६० चौरस फूट लागतात. म्हणजे ३० खुर्च्यांना १,५०० ते १,८०० चौरस फूट. खर्चात सगळ्यात मोठा आकडा जागेच्या भाड्याचा. त्याखाली वीज, इन्व्हर्टर किंवा जनरेटर, दोन इंटरनेट जोडण्या, सफाई आणि दिवसभर तिथे असणारा एक माणूस. हे सगळे पहिल्या तारखेपासून सुरू होते. खुर्च्या मात्र हळूहळू भरतात. निम्म्याहून बऱ्याच जास्त भरल्याशिवाय धंद्याचा खर्च भागत नाही. पणजीत एखादी कंपनी येऊन दहा-बारा खुर्च्या एकगठ्ठा घेते आणि चालवणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. तालुक्याच्या गावी अशी कंपनी पहिल्या वर्षी येणार नाही. तिथे एकेक माणूस येणार, बघून जाणार, घरी विचारणार, मग महिन्याने यायला लागणार. तोवर भाडे चालूच. लांब मुदतीच्या कराराने जागा घ्यायची आणि महिन्या-महिन्याने विकायची, या खेळात न्यूयॉर्कची वीवर्क ही जगातली सगळ्यात गाजलेली कंपनी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. त्यांचे आकडे अब्जांचे होते, पण फसले ते याच सांध्यात.

म्हणजे अडते ते भाड्यापाशी. बाकीचे खर्च ३० नाही तर १५ माणसांच्या पैशांतही भागू शकतात. आणि भाडे न मोजता एक वर्ष वाट पाहू शकेल असा गावात एकच जागामालक आहे. तो म्हणजे तुम्ही.

तुमच्या बाजार संकुलांकडे बघा. तळमजल्यावरचे गाळे जातात, त्यांच्यावरून भांडणे होतात, ती मी सांगायला नको. वरचा मजला? जिना चढून किराणा घ्यायला कोणी जात नाही. म्हणून वरचे गाळे गोदाम होतात, नाहीतर निवडणुकीच्या सामानाची, जुन्या कचरापेट्यांची आणि मोडक्या खुर्च्यांची खोली होतात. दुकानदाराला जो जिना शाप आहे तो आम्हाला चालतो. आमचे गिऱ्हाईक रस्त्यावरून जात नाही, ते फोनमध्ये आहे. आम्हाला दर्शनी भाग नको. बसस्टँडपासून पाच मिनिटे, खाली चहा, वर शांतता एवढेच हवे.

सगळेच वरचे मजले चालतील असे नाही. मासळी बाजाराच्या वरचा नको. वासाचे मी म्हणत नाही, आम्ही गोंयकार आहोत, पण सकाळी दहाच्या कॉलवर पुण्याच्या साहेबांना खालून बांगड्याचा भाव ऐकू गेला तर तो माझ्या खात्यात चुकून चढायचा. जिन्यावर दिवा हवा, आणि तो रात्री आठलाही लागायला हवा. स्वच्छतागृहाला आतून कडी आणि नळाला पाणी हवे. ही अट मी तिसऱ्या ओळीत लिहिली आहे, पण बायकांच्या हिशेबात ती पहिली आहे. अशा जागा चालतात की बंद पडतात याचा निकाल कित्येकदा तिथे लागतो. परदेशी वेळेत काम करणाऱ्या मुली रात्री निघतील तेव्हा शेवटची बस गेलेली असेल, म्हणून जागा पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलींच्या, थांब्याजवळ असलेली बरी.

विजेचे आणि इंटरनेटचे थोडे सविस्तर सांगते, कारण इथेच पैसे वाया जातात. टेंडर काढताना लोक लिहितात, 'दोन कंपन्यांचे इंटरनेट'. दोन कंपन्या येतात, दोघांच्या केबली वीजखात्याच्या त्याच खांबांवरून येतात, जूनच्या पहिल्या वाऱ्यात आंब्याची एक फांदी पडते आणि दोन्ही एकदम जातात. हे दोन इंटरनेट नव्हेत, एकाचीच दोन बिले. वाटा वेगळ्या हव्यात: एक पुढच्या रस्त्याने, एक मागच्या, नाहीतर दुसरी मोबाइल टॉवरवरून. तसेच विजेचे. संकुल कोणत्या ट्रान्सफॉर्मरवर आहे, त्या फिडरवर पावसाळ्यात किती वेळा वीज जाते, हे तुमच्या गावचा लाइनमन तोंडपाठ सांगेल. जागा ठरवायच्या आधी त्याला एक चहा पाजा. ब्रॉडबँडचे जाळे सरकारने पंचायतींपर्यंत नेले आहे, म्हणजे तार बहुतेक ठिकाणी दाराशी आलेली आहे. खुर्ची तेवढी आलेली नाही.

आता काय करू नये तेही सांगते, कारण भीती त्याचीच जास्त वाटते. कृपा करून गावाबाहेर पठारावर 'आयटी हब' करू नका. आपल्याकडे तंत्रज्ञान म्हटले की आधी जमीन शोधतात. दोनापावलाला राजीव गांधी आयटी हॅबिटॅट जाहीर झाले, भूखंड दिले गेले, लोकांचा विरोध झाला आणि प्रकल्प रखडला. तो चांगला होता की वाईट हा वाद इथे नको. पण जिथे बस जात नाही आणि चहा मिळत नाही, तिथे पंधराशे चौरस फुटांची जागा फुकट दिली तरी रिकामी राहील. कोनशिला मात्र राहील, त्यावर तुमचे नाव असेल, आणि ते लोक बरीच वर्षे वाचतील.

लिलावही नको. म्हणजे नियम मोडा असे मी म्हणत नाही, सरकारी मालमत्ता कोणाला तरी अशीच देता येत नाही हे मला कळते. पण जास्तीत जास्त भाड्याची बोली लावणारा या धंद्यातला कधीच नसणार. तो मोबाइलचे दुकान काढणारा असेल किंवा बारवाला. निविदा काढायचीच तर बोली खुर्चीच्या दरावर लावा: स्थानिक माणसाला महिन्याची खुर्ची जो कमीत कमी दरात आणि ठरलेल्या सोयींसह देईल त्याला जागा. भाड्याऐवजी उत्पन्नातला वाटा घ्या. पहिल्या वर्षी तो वाटा जवळपास शून्य येईल. गोदाम म्हणूनही आज तेवढाच येतो.

गावोगावी बसून काम करायच्या जागा, हेच आयर्लंडने २०२१ मध्ये खेड्यापाड्यांसाठीच्या धोरणात धरले. अशी चारशेहून अधिक ठिकाणे एका जाळ्यात आणायची आणि कुठल्याही गावचा माणूस कुठल्याही गावी खुर्ची राखून ठेवू शकेल, असे ते उद्दिष्ट होते. आपले राज्य त्या मानाने केवढेसे. तेरा नगरपालिकांचे एक कार्ड निघाले तर महिन्यातून दोनदा मडगावला गिऱ्हाइकाकडे जाणारी मी उरलेला अर्धा दिवस तिथेच बसून काम करीन. हे लगेच होणार नाही, मला ठाऊक आहे. तेरा नगरपालिकांचे कशावर एकमत झाल्याचे मला तरी आठवत नाही.

फोंड्याच्या आणि कुंकळ्ळीच्या नगरसेवकांशी मात्र दोन शब्द वेगळे. फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याच आवारात २०१६ पासून आयआयटी तात्पुरती म्हणून बसली आहे. कुंकळ्ळीला एनआयटीचा कायमचा परिसर झाला आहे. तिथली मुले शिकून बाहेर पडतात आणि थेट बाहेर पडतात, पुण्याला किंवा बंगळूरला. शेवटच्या वर्षाला असताना चार जणांनी मिळून काही करून बघायचे म्हटले तर बसायला वसतिगृहाची खोली किंवा फोंड्याचे हॉटेल, जिथे दुसऱ्या चहानंतर पोऱ्या टेबल पुसायला लागतो. डिचोली किंवा पेडण्याला जे वर्षभरात भरेल ते फोंड्यात चार महिन्यांत भरेल असा माझा अंदाज आहे. अंदाजच, पण त्यावर पैज लावायला मी तयार आहे. मडगाव, म्हापसा आणि मुरगावला या पत्राची गरज कमी आहे, तिथे गिऱ्हाईक पाहून खाजगी माणूस आपण होऊन येतो. सांगे आणि काणकोणला दहा खुर्च्यांनी सुरुवात केली तरी पुरे.

'कोण येणार?' हा प्रश्न बैठकीत येईलच. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरने आठवड्यातून दोन दिवस मिळालेल्या जागेत टेबले मांडली. आजच्या अर्थाने कोवर्किंगची सुरुवात तिथून धरतात. पहिल्या महिन्यात त्याच्याकडे कोणी आले नव्हते. तो सॅन फ्रान्सिस्कोत होता, म्हणून आपण आपल्याला सहा महिने देऊ. पण मोजायचे असेल तर ऑनलाइन फॉर्म काढू नका, तो तुमचे पुतणेच भरतील. सकाळी सात ते साडेआठ बसस्टँडवर एक माणूस उभा करा. गावच्या केबलवाल्याला विचारा की दिवसा भरपूर वापर होणारी घरे किती. आणि बाजाराच्या दिवशी खाली एक टेबल टाकून नावे लिहून घ्या. नाव लिहिणाऱ्याकडून शंभर रुपये घ्या, म्हणजे खरी नावे येतील.

माझे पहिले नाव धरा. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ देते, पावती मात्र हवी. दोन-तीन मैत्रिणी आहेत, कोड लावणारी ती मुलगीही आमच्याच तालुक्यातली निघाली, ती येईल. ऑनलाइन शिकवणी घेणारे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांच्या घरी नातवंडे झाल्यापासून ते मोटारीत बसून गणित शिकवतात. ते तर उद्याच यायला तयार आहेत.

तुमच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, इतकी विनंती आहे. आणि त्याआधी एखाद्या शनिवारी वरचा मजला उघडून दाखवा. चावी कोणाकडे असते हे कार्यालयात दोनदा विचारले, दोन वेगळी नावे कळली. ज्यांच्याकडे असेल त्यांनी घेऊन यावी. मोजायला टेप मी आणते.

आपली,
तुमच्याच एका प्रभागातली मतदार